चोळीची गाठ आणि धावणारी स्त्री : वक्षवस्त्राच्या कसोटीचा इतिहास

१

वस्त्रांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः पोत, रंग, वीण आणि नेसण यांचा विचार करतात. मूर्ती, चित्रे आणि वाङ्मयातील वर्णने ही त्यांची साधने होत. आणि ही बहुतेक साधने वस्त्र स्थिर अवस्थेत दाखवितात. वस्त्र धारण करणारी व्यक्ती धावू लागली अथवा ओझे उचलू लागली म्हणजे ते वस्त्र कोठे काचते, कोठे सुटते आणि कोठे आधार देते, याची नोंद शिल्पात सापडत नाही. ती नोंद असते भाषेत. स्त्रियांच्या वक्षवस्त्राचा हा अल्पपरिचित इतिहास, म्हणजे त्याच्या कसोटीचा इतिहास, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा हा तालुका दृष्टीसमोर ठेवला आहे.

करमाळा हे निंबाळकरांच्या जहागिरीचे गाव. रावरंभा निंबाळकर यांनी १७२७ साली बांधविलेले कमलाभवानीचे मंदिर हे या गावाचे भूषण होय. देवीची ओटी खणानारळाने भरावयाची, ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित रीत. खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. स्त्रीच्या वक्षवस्त्रास लागणारे कापड येथे सर्वांसमक्ष देवीच्या ओटीत पडते. त्याचे नाव घेताना कोणाचीही जीभ अडखळत नाही.

करमाळ्यातील या परंपरेसमोर आजचे दुसरे एक दृश्य ठेवावयास हवे. महाराष्ट्रातील इतर तालुक्यांप्रमाणे येथेही मुली पहाटे धावण्याचा सराव करतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत स्त्री-उमेदवारांस ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असे तीन प्रकार असून त्यांस एकूण ५० गुण आहेत. शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असल्यामुळे अनेक शेतकरी व मजूर कुटुंबांतील मुलींच्या दृष्टीने हे धावणे म्हणजे छंद नव्हे, तर उपजीविकेचा मार्ग होय. पाऊल सव्वा मीटरचे धरले तर ८०० मीटरांत सुमारे ६४० पावले पडतात, आणि प्रत्येक पावलाचा हिसका सर्व अंगास बसतो. बूट कोणते घ्यावेत याविषयी या मुलींस पुष्कळ सल्ला मिळतो. वक्षास आधार देणारे वस्त्र कसे निवडावे, हे त्यांस सहसा कोणी सांगत नाही. खणाचे नाव उघडपणे घेणारा समाज या ठिकाणी मुका का होतो, हा खरा प्रश्न आहे.

२

वक्षवस्त्राची नावे पाहू गेल्यास एक गोष्ट चटकन लक्षात येते. अमरकोशात ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे शब्द एकत्र दिले आहेत. यांपैकी ‘कूर्पासक’ या शब्दाचा संबंध परंपरेने ‘कूर्पर’ म्हणजे कोपर या शब्दाशी जोडला जातो. ‘कंचुक’ या शब्दाचा एक अर्थ सापाची कात असा आहे. अंगास घट्ट बसणारे आवरण ही त्यामागील कल्पना. ‘कंचुलिका’ या रूपापासून जुन्या मराठीतील ‘काचोळी’ आली. युरोपात दृष्टी टाकली तरी स्थिती निराळी नाही. फ्रेंच भाषेत ‘ब्रा’ म्हणजे बाहू. त्यापासून ‘ब्रासिएर’ हा शब्द झाला आणि इंग्रजीमार्गे मराठीत येऊन तो पुन्हा ‘ब्रा’ एवढाच उरला. इंग्रजी ‘बॉडीस’ हा शब्द तर ‘बॉडी’ म्हणजे अंग याचेच रूपांतर होय.

कोपर, कात, बाहू आणि अंग : ज्या अवयवासाठी वस्त्र शिवावयाचे तो वगळून आजूबाजूच्या सर्व गोष्टींची नावे भाषांनी त्यास दिली आहेत. संस्कृत काव्यात ‘स्तनांशुक’ यासारखे सरळ शब्द आढळतात हे खरे. परंतु ते शृंगारवर्णनाच्या कामी आले, शिवणकामाच्या व्यवहारात उतरले नाहीत.

नाव आडवळणाचे असले तरी गरज मात्र जुनीच आहे. सिसिली बेटावरील पियाझ्झा आर्मेरिना येथील रोमन वाड्यात चौथ्या शतकातील एक प्रसिद्ध कुट्टिमचित्र आहे. त्यात व्यायाम करणाऱ्या तरुणी वक्षाभोवती पट्टा गुंडाळलेल्या दिसतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातील नर्तकी अंगभर बाह्यांचे वस्त्र ल्यालेली आहे, तर त्याच लेण्यांतील अनेक स्थिर स्त्रीप्रतिमांच्या अंगी असे वस्त्र दिसत नाही. यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि अंगाची हालचाल आणि वक्षाचे बंधन यांचा संबंध प्राचीनांच्या नजरेतून सुटला नव्हता, एवढे म्हणावयास हरकत नाही.

३

महाराष्ट्रीय चोळीचा विचार या दृष्टीने फारसा झालेला नाही. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरात निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांच्या पोशाखाचे वर्णन करताना लुगडे आणि चोळी ही जोडी वारंवार येते. ही चोळी म्हणजे खणाच्या तुकड्यांची, अंगाबरोबर बसणारी, पाठ झाकणारी, आखूड बाह्यांची आणि पुढे दोन टोकांची गाठ मारावयाची. तिचे सौंदर्य काठांत असले तरी तिचे सामर्थ्य गाठीत होते. दोन्ही टोके ओढून गाठ मारली म्हणजे चोळीची खालची कड बरगड्यांभोवती ताणली जाते आणि वक्षाचा भार केवळ खांद्यांवर न राहता पाठीवर व बरगड्यांवर विभागला जातो. वक्षाचा मुख्य आधार खांद्यावरील पट्ट्यात नसून खालच्या वेढ्यात असावा, हे आजच्या स्पोर्ट्स ब्राच्या रचनेतीलही पहिले तत्त्व आहे.

गाठीचा दुसरा गुण असा, की ती रोज नव्याने मारावी लागे. गरोदरपणी, बाळंतपणानंतर, अंग सुजल्यास वा वाळल्यास तिचा ताण कमीअधिक करता येई. दळणकांडणास बसताना ती आवळावी आणि दुपारी विसावताना सैल करावी, हे सहज शक्य होते. म्हणजे वस्त्राची कसोटी एकदाच, शिवताना, होत नसे. ती दररोज अंगावरच होत असे.

कसोटीचे आणखी एक साधन होते, ते म्हणजे मापाची चोळी. शिंप्याने स्त्रीच्या अंगास फीत लावून माप घ्यावयाचे नाही. तिने आपली जुनी, अंगाला बसलेली चोळी मापासाठी द्यावयाची आणि तोंडी दुरुस्त्या सांगावयाच्या, अशी ही पद्धत. आजही ब्लाउज शिवावयास टाकताना मापाचा ब्लाउज देण्याची चाल आहे. ही जुनी चोळी म्हणजे मागील अनुभवांचा साठाच होय. ‘काखेत दाटते’, ‘दंडात रुतते’, ‘पाठीत सैल आहे’, ‘कडेला काचते’ या चार वाक्यांत ती स्त्री परीक्षकाचे काम पार पाडी आणि शिंपी ते काम कात्रीने पुरे करी.

या क्रियापदांतील भेद सूक्ष्म आहेत. दाटणे म्हणजे जागा अपुरी पडणे. रुतणे म्हणजे कड मांसात शिरणे. काचणे म्हणजे पुनःपुन्हा घासून त्वचा दुखावणे. टोचणे हे एका बिंदूचे दुःख आणि आवळणे हे सर्व बाजूंनी येणारे. वळ उठतो तो दाबाने आणि साल निघते ती घर्षणाने. भरल्या घागरीतील पाणी चालताना जसे हेलकावते, त्यास मराठीत हिंदकळणे असा नेमका शब्द आहे, आणि तो अंगासही लागू पडतो. एवढी क्रियापदे ज्या भाषेत तयार आहेत, त्या भाषेत वस्त्राची कसोटी घेण्यास शब्द अपुरे आहेत असे कोणासही म्हणता येणार नाही.

चोळीचे गुणगान करण्याचा मात्र येथे हेतू नाही. खणाचे कापड ताणले जात नाही. वेगाने धावण्यासाठी ते योजलेले नव्हते. शिवाय चोळी हे सामाजिक दर्जाचेही चिन्ह होते. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेस चोळी वर्ज्य असे. म्हणजे तिच्या देहाचा आधारही रूढीने काढून घेतला होता. दुसऱ्या टोकास, राजघराण्यातील स्त्रियांस ‘चोळीबांगडी’साठी गावांचे उत्पन्न नेमून दिले जाई. असे वस्त्र उघडपणे दिले, घेतले, नाकारले आणि बोलले जात होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

४

विसाव्या शतकात शहरांतून आणि मागाहून खेड्यांतून गाठीची चोळी मागे पडू लागली. पोलके, झंपर, ब्लाउज हे शब्द मराठीत रुळले. ते परकीय आहेत याचे स्मरणही आज कोणास होत नाही. या बदलाकडे केवळ फॅशन म्हणून पाहणे अपुरे ठरेल. गाठीच्या चोळीत शोभा आणि आधार ही दोन्ही कार्ये एकाच वस्त्रात एकवटली होती. ब्लाउज आल्यावर या कार्यांची फाळणी झाली. शोभा बाहेरच्या ब्लाउजकडे गेली, आणि आधाराचे काम आतल्या निराळ्या वस्त्राकडे आले. त्या वस्त्रास बॉडी, बॉडीस, ब्रेसियर, ब्रा अशी उसनी नावे मिळाली. आणि पुष्कळ घरांत तर तीही न उच्चारता ‘आतले कपडे’ एवढ्यावरच भागविले गेले.

आधार आत गेला आणि त्याबरोबर त्याची भाषाही आत गेली. ब्लाउजविषयी शिंप्याशी हवे तितके बोलता येते. आतल्या वस्त्राविषयी दुकानदाराशी आकड्यापलीकडे बोलणे होत नाही. ते वस्त्र तयार मिळते, त्यामुळे मापाचे जुने वस्त्र देऊन दुरुस्त्या सांगण्याची सोय संपली. अंगावर घालून पाहण्याची सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते. घरी वाळत घालतानाही ते दुसऱ्या कपड्याखाली झाकावयाचे, हा शिरस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. मापाच्या चोळीत साठविलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे अनुभवज्ञान असे दोन पिढ्यांत निरुपयोगी ठरले, आणि त्याच्या जागी दुसरे ज्ञान आले नाही.

पुरुषांच्या बाबतीत असे घडले नाही, ही तुलना उद्बोधक आहे. तालमीतील लंगोट हे आधाराचेच वस्त्र आहे. ते कसे कसावे, किती कसावे, हे वस्ताद नवशिक्या मल्लास पहिल्या दिवशी सांगतो. ‘लंगोट कसणे’ हा तयारीचा, तर ‘लंगोटीयार’ हा मैत्रीचा वाक्प्रचार झाला. म्हणजे व्यायामाच्या वेळी अवयवास आधार हवा, हे तत्त्व मराठी समाजास अपरिचित नव्हते. ते फक्त एका बाजूस शिकविले जात होते.

५

पुरुषांच्या आधारवस्त्रापासूनच पुढे स्त्रियांचे क्रीडावस्त्र निर्माण झाले. हे घडले अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, १९७७ साली. लिसा लिंडाल ही धावणारी तरुणी नेहमीच्या ब्राने त्रस्त झाली होती : पट्टे खांद्यावरून घसरत, शिवण काचे आणि हिंदकळणे थांबत नसे. वेशभूषाकार पॉली स्मिथ आणि तिची सहकारी हिंडा मिलर यांच्या मदतीने तिने अनेक नमुने करून पाहिले. अखेर पुरुष खेळाडूंचे दोन आधारपट्टे आणून, ते एकमेकांस जोडून जो नमुना शिवला गेला, तो यशस्वी ठरला. ‘जॉगब्रा’ या नावाने ते वस्त्र बाजारात आले आणि १९७९ साली त्यास अमेरिकन एकस्व मिळाले. तत्पूर्वी १९७५ साली टेनिससाठी म्हणून एक ब्रा बाजारात आली होती. परंतु धावण्याच्या कसोटीस उतरलेले वस्त्र म्हणून मान जातो तो जॉगब्रासच. २०२२ साली या तिघींचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानपीठात झाला.

या हकिगतीतील सर्वांत अर्थपूर्ण भाग कसोटीचा आहे. लिसा नमुना घालून धावे आणि हिंडा तिच्यासमोर उलट्या पावलांनी धावत निरीक्षण करी. धावणारी जे जाणवते ते सांगे. पाहणारी जे दिसते ते सांगे. शिवणी कातडीस काचू नयेत म्हणून त्या वस्त्राच्या बाहेरच्या बाजूस घेतल्या गेल्या. हा निर्णय यंत्राने घेतला नव्हता. तो तक्रार बोलून दाखविण्यातून आला होता. शिंप्यापुढे ‘कडेला काचते’ असे म्हणणारी स्त्री आणि व्हरमाँटमधील ही धावपटू यांची परीक्षणपद्धती तत्त्वतः एकच होय. भेद इतकाच, की येथे सांगणारीच्या हाती कात्रीही होती.

या शोधास काळही अनुकूल होता. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास बंदी करणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला होता आणि मुली मोठ्या संख्येने मैदानावर येत होत्या. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावली गेली ती १९८४ साली. भारतीय स्त्रिया मात्र त्यापूर्वीच, १९५२ साली हेलसिंकी येथे, ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरल्या होत्या. निलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा या त्या दोघी. स्पोर्ट्स ब्रा हे नावही तेव्हा अस्तित्वात नव्हते.

६

पुढील टप्पा प्रयोगशाळेचा. त्याची पार्श्वभूमी शरीररचनेत आहे. स्तनांत अस्थी नाही, स्नायूही नाही. त्यास बाह्य त्वचा आणि आतील नाजूक तंतुबंध यांचाच आधार असतो. या बंधांचे वर्णन इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर याने १८४० साली केले आणि त्यांस आजही त्याचेच नाव आहे. त्यामुळे स्त्री धावू लागली म्हणजे वक्षाची हालचाल धडाच्या हालचालीहून निराळी होते.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत स्पोर्ट्स ब्रांच्या परीक्षणास आरंभ झाला. पुढे इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात जोआना स्कर यांच्या नेतृत्वाखाली आणि ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात या अभ्यासास पद्धतशीर स्वरूप आले. चालत्या पट्ट्यावर स्त्रीस धावावयास लावावयाचे. धडावर आणि वक्षावर लहान खुणा चिकटवून कॅमेऱ्यांनी त्यांचा माग घ्यावयाचा. आणि धडाची हालचाल वजा करून उरलेली मोजावयाची, अशी ही पद्धत. तीतून असे दिसून आले की ही हालचाल केवळ वरखाली नसते. ती डावीउजवीकडे आणि मागेपुढेही असते, आणि तिचा आलेख इंग्रजी आठच्या आकड्यासारखा उमटतो. वक्ष छातीवर सपाट दाबून धरणारी रचना आणि प्रत्येक स्तन स्वतंत्र वाटीत सामावून घेणारी रचना, असे वस्त्राचे दोन मुख्य प्रकारही यातून स्पष्ट झाले.

दुखण्याची व्याप्ती थोडी नाही. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधील स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनी स्तनवेदना होत असल्याचे सांगितले. लंडनच्या शर्यतीत धावणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर ज्यांस योग्य वस्त्रच मिळत नाही त्यांचा प्रश्न किती गंभीर असावा, हे निराळे सांगावयास नको.

तथापि भाषाभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. कॅमेरा आधार मोजतो. सुख मोजत नाही. हिंदकळणे कमी झाले की आधार मिळाला हे सिद्ध होते, परंतु त्याच वस्त्राने श्वास कोंडत असेल, काखेत साल निघत असेल, तर ते वस्त्र चांगले म्हणता येत नाही. म्हणून अद्ययावत प्रयोगशाळेतही शेवटी धावणारीस विचारावेच लागते : शून्य ते दहा या श्रेणीत त्रास किती? दुखते कोठे? यंत्र जेथे थांबते तेथे शब्दाचे काम सुरू होते. आणि ज्या भाषेत प्रश्न विचारावयाचा त्या भाषेत उत्तर देण्याची मोकळीक नसेल, तर ते मापनही अधुरे राहते.

७

आता पुन्हा करमाळ्याकडे वळावयास हरकत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून आलेल्या, खो-खोच्या मैदानावरून धावपट्टीवर गेलेल्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. दुष्काळी मुलखातील मुली धावू शकतात काय, हा प्रश्न तेव्हाच संपला. प्रश्न उरला आहे तो त्यांच्या धावण्याच्या साधनांचा.

योग्य वस्त्राची कसोटी प्रयोगशाळेवाचूनही घेता येते, आणि तिचे सर्व शब्द मराठीत आहेत. खालच्या पट्ट्यात दोन बोटे शिरावीत, मूठ शिरू नये. दोन्ही हात वर केले असता पट्टा वर सरकू नये. खोल श्वास घेतला असता अंग आवळल्यासारखे वाटू नये. कडेने मांस बाहेर येत असेल तर वस्त्र दाटते. वाटीचे कापड सुरकुतत असेल तर ते सैल आहे. जागच्या जागी धावून पाहावे व हिंदकळणे किती उरते ते पाहावे. धावून आल्यावर खांद्यावर खोल वळ उठला असेल तर भार पट्ट्यांवर आला आहे, खालच्या वेढ्यावर नाही, असे समजावे. काखेत साल निघाली असेल तर शिवण काचते आहे. कापडाची ताण धरण्याची शक्ती धुऊन धुऊन कमी होते. म्हणून ही कसोटी एकदाच न घेता मधूनमधून घ्यावी. गाठ मारणारी स्त्री हीच कसोटी रोज घेत होती.

या यादीत एकही नवा पारिभाषिक शब्द घडवावा लागलेला नाही. ‘स्पोर्ट्स ब्रा’ हे नाव मराठीने पोलक्याप्रमाणे खुशाल उसने घ्यावे. नाव उसने असल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते क्रियापदे गिळून टाकल्याने. व्यायाम शिकविणारा शिक्षक लंगोटाविषयी जितक्या सहजतेने बोलतो, तितक्या सहजतेने मुलींची शिक्षिका, आई अथवा मोठी बहीण ‘कोठे काचते?’ असे विचारील, तेव्हा आत गेलेला आधार पुन्हा बोलण्यात येईल. कमलाभवानीच्या ओटीत खण घालताना जे नाव कोणी लपवीत नाही, ते पहाटे धावणाऱ्या मुलीच्या बाबतीत लपविण्याचे कारण नाही.